मागच्या घरातला शिधा

अ‍ॅन फ्रँकची डायरी आपल्याकडे बहुधा एका हुतात्मा मुलीची पोथी म्हणून वाचली जाते. आम्ही शिक्षकही ती मुलांच्या हाती तशीच देतो. शेवट ठाऊक असल्याने डोळे भरून येतात आणि पुस्तक मात्र निसटते. माझ्या मते ही प्रथम एका घराची कथा आहे. तिच्या मूळ डच नावाचा अर्थही ‘मागचे घर’ असाच आहे.

६ जुलै १९४२ रोजी फ्रँक कुटुंब अ‍ॅम्स्टरडॅममधील कचेरीच्या मागच्या भागात लपले. पुढे तेथे आठ माणसे झाली. दिवसा खाली कामगार असत, म्हणून पावलांचा आवाज करायचा नाही. रोजचे बटाटे, लिहिण्याच्या टेबलावरून भांडण, आईशी धुसफूस, यातले अ‍ॅन काही झाकत नाही. मार्च १९४४ मध्ये रोजनिश्या जपण्याचे आवाहन रेडिओवर ऐकल्यावर तिने आपला मजकूर पुन्हा लिहायला घेतला. अशा लेखिकेची नुसती कीव करणे हा तिचा अपमान होय.

त्याच पावसाळ्यात, ऑगस्ट १९४२ मध्ये, आपल्याकडेही माणसे भूमिगत झाली. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत हाती लागले नाहीत. तुलना जपूनच करावी. आपले कार्यकर्ते लढण्यासाठी लपले. ज्यूंना मात्र केवळ जन्माने ज्यू म्हणून लेकराबाळांसह लपावे लागले. पण दोन्हीकडे कुणाच्या तरी चुलीवर चार घास वाढले होते. नवऱ्याने मिळवलेली रेशनची कूपने घेऊन भाजीची पिशवी आणणाऱ्या मीप गीस यांच्या आठवणी १९८७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. आपल्या बेचाळीसच्या आठवणींत रात्री भाकरी थापणारी बाई बहुतेक वेळा एका वाक्यात संपते, तेही नावाशिवाय.

४ ऑगस्ट १९४४ रोजी छापा पडला. आठांपैकी वडील ऑटो फ्रँक तेवढे परतले. मीपबाईंनी जपलेली पाने त्यांच्या हाती आली आणि १९४७ मध्ये पुस्तक निघाले. हॉलंडमधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मारले गेले. तरी हजारो जण लपून वाचले, ते दार उघडणाऱ्या सामान्य घरांमुळे.

गोवा मुक्तीच्या काळात आपला बेळगाव-खानापूरचा मुलूखही सत्याग्रहींच्या वाटेवरच होता. म्हणून डायरी वाचून झाल्यावर मी मुलांना अ‍ॅनवर निबंध घालत नाही. आजीला विचारून या, म्हणतो: आपल्या घरी कधी कोण लपले होते, आणि त्याला जेवायला काय वाढले?