चोरी कुणाची?

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह, १९६३) शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, नायक भित्रा आहे का?’ रेल्वेत नोकरी लागलेला हा शिकलेला तरुण निवाऱ्यासाठी जात लपवतो. काशीनाथ मात्र जात उघड सांगतो, चाकू बाळगतो. विद्रोह काशीनाथचा, शरणागती नायकाची, असा निकाल देऊन मुले मोकळी होतात. मला हा निकाल मान्य नाही.

१९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांनाही पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांना भित्रे म्हणण्याची कुणाची छाती आहे? जिथे खरे नाव सांगताच डोक्यावरचे छप्पर जाते, तिथे खोटे नाव ही चोरी नव्हे. चोरी त्याआधीच झालेली असते.

अमेरिकेतला वॉल्टर व्हाइट हा काळ्या समाजाचा कार्यकर्ता गोऱ्या कातडीचा, निळ्या डोळ्यांचा होता. गोरा समजला जाऊन तो झुंडबळींची चौकशी करी. १९१९ साली आर्कान्सातील एलेनच्या हत्याकांडाचा तपास करताना ओळख फुटली, तेव्हा तो रेल्वेने निसटला. पुढे तो एनएएसीपी या संघटनेचा प्रमुख झाला.

आपल्याकडे कातडी बोलत नाही, आडनाव बोलते. वाशीत खोली पाहताना भाड्याआधी मला आडनाव विचारले गेले. मी फक्त गावाचे नाव सांगितले. खोली मिळाली, पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायला मला दोन वर्षे लागली.

व्हाइटचे लपणे आणि माझे लपणे यांत फरक धैर्याचा असेलही. पण त्याहून मोठा फरक संघटनेचा आहे. त्याच्या पाठीशी माणसे होती. बागुलांचा नायक एकटा, काशीनाथही एकटा. मार खाणाऱ्या नायकाला काशीनाथ सोडवतो खरा, पण तेवढ्या प्रसंगापुरता. दोघांना जोडणारी चळवळ कथेत नाही. ही कथेची मर्यादा म्हणा किंवा तिचे कठोर वास्तव म्हणा. ही पोकळी जाणवली की १९७२ साली तरुण लेखकांनीच दलित पँथर का उभारली, हे उमगते.

म्हणून नायक भित्रा की शूर, हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला एकटे कुणी ठेवले, हे विचारले पाहिजे. पुढच्या वर्षी मी वर्गात आधी त्या फोटोची गोष्ट सांगणार आहे. मग कथा वाचायला घेईन.