डनिंगचं वाक्य आणि आपला पेपर

बी.ए.ला असताना अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात मी एक वाक्य लिहिलं होतं. युद्धानंतर दक्षिणेत अडाणी निग्रोंच्या हाती सत्ता गेली आणि अनागोंदी माजली. गाईडमधून पाठ केलेलं. सरांनी खाली लाल रेघ मारून 'छान' लिहिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या खोलीत बसून मी ते पाठ केलं होतं, आणि आपण काय घोकतोय हे डोक्यात शिरलं नव्हतं.

ते वाक्य कुठून आलं हे पुढं डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसचं 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' (१९३५) वाचताना कळलं. सातशेवर पानांचा ठोकळा आहे. दोस्तांनो, घाबरू नका.

आपल्याला शिकवलं जातं की लिंकननं गुलाम सोडवले. डुबॉइस म्हणतो, उत्तरेचं सैन्य जवळ येताच गुलाम मळे टाकून निघाले. हा त्यांचा सार्वत्रिक संप. दक्षिणेचे राबणारे हात गेले आणि सुमारे १ लाख ८० हजार काळे उत्तरेच्या बाजूनं लढले. 'संप' हा शब्द मला ताणलेला वाटतो. पोरं काखोटीला मारून रात्री पळणाऱ्या बाईला आपण संपावर आहोत असं वाटलं असेल? दक्षिण कॅरोलिनातल्या राजवटीला तर तो मार्क्सची टोपी दाबून बसवतो. आणि बाया या पुस्तकात फार थोड्या दिसतात. पण गुलाम सोडवला गेला नाही, तो सुटला, हे त्यानं ज्या जोरानं मांडलंय त्यापुढं या तक्रारी लहान आहेत.

खरा ऐवज १८६५ ते १८७७ या बारा वर्षांचा. १८६८ ला चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकत्व, १८७० ला पंधराव्या दुरुस्तीनं मत. त्याच साली मिसिसिपीचा हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर झाला. ज्या 'अनागोंदी'वर मी मार्क मिळवले तिच्यातच दक्षिणेत सरकारी शाळांचा पाया पडला, गरीब गोऱ्यांच्या पोरांसाठीसुद्धा. जमीन मात्र मिळाली नाही. जानेवारी १८६५ ला जनरल शर्मननं किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला, आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं ती जुन्या मालकांच्या घशात परत घातली. मत हातात, भाकर मालकाच्या दारात. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह मला इथं नीट समजला.

१८७७ ला अध्यक्षपदाच्या सौद्यात उत्तरेनं सैन्य मागं घेतलं. १८९० ला मिसिसिपीनं मतावर कर आणि वाचनाची परीक्षा लावली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

शेवटच्या प्रकरणात डुबॉइस शाळा-कॉलेजांची पाठ्यपुस्तकं उघडतो. काळे अडाणी, आळशी, लाचखाऊ. त्यांना मत दिलं हीच चूक. माझंच वाक्य! हा माल जिथं तयार झाला ते न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, कारागीर प्रा. बर्जेस आणि प्रा. डनिंग. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथं शिकत होते तेव्हा डनिंग तिथंच प्राध्यापक होता. १९१५ ला याच इतिहासावर कू क्लक्स क्लॅनला नायक करणारा 'बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा निघाला आणि व्हाइट हाऊसमध्येही दाखवला गेला.

त्याच विद्यापीठात शिकून बाबासाहेबांनी तो इतिहास गिळला नाही. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात ते निग्रोंचा दाखला देतात: युद्धात उपयोगी पडले आणि नंतर वाऱ्यावर सोडले गेले. स्वातंत्र्यलढ्यात आधी उतरा, हक्कांचं मग बघू, म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. पुढच्या साली त्यांनी डुबॉइसला पत्र घातलं, निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डुबॉइसनं उत्तरही दिलं. आम्ही मात्र त्यांचा फोटो लावून डनिंग पाठ करत होतो.

अमेरिकन इतिहासकारांच्या मुख्य नियतकालिकानं तेव्हा या पुस्तकाचं परीक्षणसुद्धा छापलं नाही. १९८८ ला कोलंबियाच्याच एरिक फोनरनं या बारा वर्षांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा डुबॉइसचं ऋण मान्य केलं.

आमच्या गटाकडे एकच प्रत आहे. ज्याला हवी त्यानं न्यावी, पंधरा दिवसांत आणून द्यावी. शेवटचं प्रकरण आधी वाचा, आणि वाचताना आपलं गाईड शेजारी उघडं ठेवा.