वंशावळीतील हक्क आणि माहेरचे मौन : राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्रसाधनांची चिकित्सा

प्रास्ताविक :
एकोणिसाव्या शतकातील घराण्याचे कागद चरित्रकारास विश्वसनीय वाटतात. मात्र ते चरित्रासाठी लिहिलेले नसून बहुधा हक्काच्या सिद्धतेसाठी लिहिलेले असतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

सासर आणि माहेर :
गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, घराण्यातीलच आनंदराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनी सरकारने हे दत्तविधान अमान्य करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. वादाचा विषयच वारसा असल्याने नेवाळकरांच्या पिढ्या सरकारी पत्रव्यवहारात नोंदल्या गेल्या. राणींचे वडील मोरोपंत तांबे मात्र चिमाजीआप्पांच्या व पुढे ब्रह्मावर्ती पेशव्यांच्या आश्रयाने राहणारे गृहस्थ. त्यांच्या वंशावर कोणत्याही गादीचा निर्णय अवलंबून नव्हता. परिणामी राणींच्या सासरची वंशावळ तपशीलवार मिळते, तर माहेरची माहिती प्रामुख्याने आठवणींतून हाती येते.

जन्मवर्षाचा प्रश्न :
या मौनाचा परिणाम जन्मवर्षाच्या वादात दिसतो. द. ब. पारसनीस यांच्या १८९४ च्या चरित्रातील १८३५ हे वर्ष दीर्घकाळ रूढ होते. आज १८२८ हे वर्ष अधिक प्रचलित आहे. पहिले वर्ष मानल्यास १८४२ च्या विवाहसमयी त्यांचे वय सहा-सात वर्षांचे ठरते, दुसरे मानल्यास तेरा. तत्कालीन विवाहरूढीशी पहिले वर्ष जुळते. उलटपक्षी १८५४ मध्ये झाशीस आलेल्या जॉन लँग यांनी राणींचे वय सव्वीस-सत्तावीस असावे असा अंदाज नोंदविला. तो दुसऱ्या वर्षास अनुकूल आहे. परंतु तो पडद्याआडच्या ओझरत्या दर्शनावर आधारलेला आहे. रूढी आणि अंदाज ही दोन्ही प्रमाणे दुय्यमच होत.

प्रत्यक्ष आणि ऐकीव :
विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचा आधार घेतानाही विवेक आवश्यक आहे. झाशीच्या वेढ्याचे ते साक्षीदार होते. राणींच्या बालपणाचे नव्हते. एकाच ग्रंथातील या दोन भागांना सारखे प्रामाण्य देता येत नाही. शिवाय हे लेखन घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी झाले. १९०७ मध्ये ते चिं. वि. वैद्य यांच्या संस्करणासह प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखितानुसारी आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. त्यामुळे अवतरण कोणत्या आवृत्तीतून घेतले, हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

समारोप :
सारांश, पूर्वजांचा शोध घेताना कागद कोणी लिहिला, कोणत्या हक्कासाठी लिहिला आणि लेखकाने पाहिले की ऐकले, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. वंशावळ हक्काची साखळी दाखविते. आयुष्य तिच्याबाहेर राहू शकते. राजपदी पोहोचलेल्या स्त्रीचे जन्मवर्षही जेथे अनिश्चित राहते, तेथे सामान्य घरांतील लेकीसुनांविषयी कागद गप्प असतील, तर त्यावरून त्यांचे जीवन नगण्य होते असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय.