काटा डुलतो तेव्हा

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या पत्र्यात दोन तबकड्या बसवलेल्या असतात. मोठी वेगाची, धाकटी अँपिअरची. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाताना अशी एखादी गाडी टपरीपाशी उभी दिसली, की मी इंजिनाआधी तबकडी बघतो. मालक जरा ओशाळतो. "मीटर सोडा हो, तो कधीच खरं सांगत नाही." मला मात्र चुकणारा मीटरच जास्त वाचनीय वाटतो. धड मीटर नुसता वेग सांगतो, बिघडलेला आपल्या पोटातलं सांगतो.

पोटातली रचना मुळात देखणी आहे. पुढच्या चाकाच्या हबमधली गरारी केबल फिरवते आणि केबल मीटरमधल्या लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाशेजारी ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. तरी फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्यामागे खेचली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. खेच आणि अडवणूक जिथे सारखी होते, तिथे काटा उभा राहतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण न चिकटता तो त्याला हलवतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

त्याच डब्यात दुसरा एक साक्षीदार राहतो. काट्याच्या बाजूच्या खिडकीतले किलोमीटरचे आकडे चुंबकावर चालत नाहीत, ते दात्यादात्यांनी केबलला बांधलेले असतात. त्यामुळे आकडे एक तर बरोबर प्रमाणात पुढे सरकतात, नाहीतर दाता तुटून थांबतात. म्हातारपणाने ते हळूहळू चुकत नाहीत. काट्याचं तसं नाही. चुंबक क्षीण झाला की काटा कमी दाखवतो, स्प्रिंग ढिली पडली की जास्त. एकाच केबलवर जगणाऱ्या या दोघांची जबानी जुळते का, हे पाहणं म्हणजेच मीटर वाचणं. आकडे बरोबर आणि काटा चुकलेला, तर दोष मीटरच्या आत. दोघेही सारख्याच प्रमाणात चुकले, तर मीटर निर्दोष आहे. मग चाकाकडे बघायचं. 3.25-19 चा टायर किलोमीटरभरात साधारण 490 फेरे घेतो. त्याजागी कुणी 3.00-18 चं चाक बसवलं तर फेरे 520 च्या वर जातात, आणि काटा व आकडे दोन्ही सुमारे 6 टक्क्यांनी फुगतात. अशा वेळी मीटर खोलणारा मिस्त्री निष्पापाचं पोट फाडत असतो.

जबानी पडताळायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरतात. 3600 ला लागलेल्या सेकंदांनी भागायचं. काटा 50 वर धरला आणि पुढचा दगड 80 सेकंदांनी आला, तर खरा वेग 45. एका दगडावर विसंबू नये, पाच किलोमीटरांची सरासरी घ्यावी, कारण रस्ता रुंद करताना उपटलेला दगड पुन्हा नेमक्या जागी रोवला जाईलच असं नाही. आता फोनही वेग सांगतो आणि सरळ रस्त्यावर तो चांगला सांगतो. तरी आकडा कुठून मोजला हा प्रश्न उरतोच. तानसा धरणाचंच बघा, ते 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. ते 128.63 मीटरवर भरून वाहतं, असं दर पावसाळ्यात छापून येतं. ही उंची मोजतात मुंबईच्या टाउन हॉलच्या संदर्भपातळीवरून. पाणी शहापूर तालुक्यात, त्याचं शून्य फोर्टात! मोटारसायकलच्या मीटरचं शून्यही असंच दूर, टायरच्या घेरात असतं. टायर झिजला किंवा हवा कमी झाली, की तेही सरकतं.

काट्याच्या हालचालीतून तर निदानच हाती येतं. तो घड्याळाच्या लंबकासारखा डुलत असेल तर केबल कुठेतरी मुरडली आहे किंवा कोरडी पडली आहे. ती आत पीळ साठवते आणि झटक्याने सोडते. काटा एकदम शेवटच्या आकड्याला जाऊन टेकत असेल, तर आतलं ग्रीस घट्ट झालंय किंवा तेल वर चढलंय. मग वाटीला भोवऱ्यांची गरज राहत नाही, चिकटा तिला थेट ओढतो. म्हणून केबलला ग्रीस लावताना मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवायची असते. हौशी माणूस नेमकी तिथेच सढळ हाताने ओततो.

मीटर उघडणं हे सबुरीचं काम. काचेभोवतीची दुमडलेली कडी थोडी थोडी उचलत जायचं, जुना चिकटा पुसायचा, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यायचा, काटा उपसून योग्य जागी दाबायचा. स्प्रिंगला बोट लावू नये. किती दुरुस्त करायचं, याबाबत माझं मत ठाम आहे: खऱ्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त दाखवत असेल तर तिथे थांबावं. युरोपातला नियमही असाच आहे. मीटरने थोडा जास्त वेग दाखवलेला चालतो, खऱ्यापेक्षा कमी कधीच नाही.

धाकट्या तबकडीला लोक उगाच बिघडलेली ठरवतात. इंजिन मंद असताना दिवा लावला की अँपिअरचा काटा उणे बाजूला जातो, रेस दिली की अधिककडे येतो. इंडिकेटरच्या प्रत्येक मिचकावणीला तो मान हलवतो. हे थरथरणं दोष नाही, ते तिचं कामच आहे. सगळं बंद असूनही काटा उणेकडे असेल तर बॅटरीची एक तार काढावी. तो मधोमध आला तर वीज खरोखर गळते आहे, नाही आला तर काटा वाकलाय. उणेच्या वेळी अधिक दाखवत असेल तर मागच्या दोन तारा उलट लागल्यात, बदलून टाका. त्या तारांचे नट मात्र घट्ट हवेत. गाडीतली बहुतेक वीज या तबकडीतून जाते, आणि नट ढिला झाला तर रात्री मोरोशीच्या पुढे माळशेज चढताना दिवाच जाईल.

काटा सुधारावा, आकड्यांना हात लावू नये. जुन्या गाड्यांच्या बाजारात "रनिंग" मागे फिरवून देणारे हात कमी नाहीत, आणि एकदा मीटर उघडला की कामही पाच मिनिटांचं. खराच मेलेला मीटर बदलावा लागला तर नवा शून्यापासून मोजायला लागतो. अशा एका गाडीच्या सीटखालच्या पत्र्यावर जुन्याचा शेवटचा आकडा आणि बदलल्याची तारीख ऑइलपेंटने लिहिलेली मी पाहिली आहे. गिऱ्हाइकाने सीट उचलायची आणि दोन आकड्यांची बेरीज करायची.