ठिगळ आणि वीण

मराठी समीक्षेने आपली परिभाषा विणकामातून घेतली, शिवणातून नव्हे. ‘पोत’, ‘वीण’, ‘धागा’ हे शब्द गौरवाचे ठरले. ‘ठिगळ’ मात्र दोषदर्शकच राहिले. कादंबरीतील एखादा प्रसंग एकजीव झाला नाही की तो ठिगळासारखा भासतो, असे सहज म्हटले जाते. या निवाड्यामागे कलाकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेची कल्पना आहे, आणि गोधडी नेमकी तिलाच अडचणीत आणते.

सिद्धगडाच्या परिसरातील वाड्यांत काय किंवा देशावर काय, गोधडीची सामग्री निवडलेली नसते, उरलेली असते: विटलेले लुगडे, विरलेले धोतर. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध व समतोल या लयींनी वरच्या तुकड्यांची मांडणी कदाचित उलगडेल; पण घरातल्या जीर्ण वस्त्रांनी ती निवड आधीच आवळून टाकलेली असते, हे त्या विवेचनात कोठेच येत नाही. शिवाय गोधडीचा बराचसा भाग दिसतच नाही. अधिक झिजलेले कापड आतल्या थरांत जाते. सर्व थरांतून आरपार जातो तो केवळ धावदोरा. एकता येते ती त्याच्यामुळे. मात्र जोड लपविणे हे त्याचे काम नव्हे.

पनामातील गुना स्त्रियांचा ‘मोला’ याच्या उलट रीतीने सिद्ध होतो. तेथेही रंगीत सुती कापडाचे थर असतात. परंतु वरचा थर कापून, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी खालचा रंग उघडा केला जातो. असे दोन तुकडे पोलक्याला पुढे-मागे लागतात. हा वेश दडपण्याचा पनामाच्या शासनाचा प्रयत्न १९२५ च्या गुना उठावाचे एक कारण ठरला. मोलाचे राजकीय वाचन त्यामुळे अपरिहार्यच झाले.

सिद्धगडालाही उठावाची स्मृती आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. ती स्मृती रक्ताची आहे, वस्त्राची नव्हे. गोधडीच्या वाट्याला आली ती ‘मायेची ऊब’. हा शब्दप्रयोग प्रेमळ खरा, पण समीक्षेच्या दृष्टीने पळवाटेचा: त्यात शिवणारी बाई आई होते, कर्ती होत नाही, आणि टंचाई जिव्हाळ्यात विरघळून जाते.

अलीकडे शहरी दुकानांसाठी नवे कापड मुद्दाम कापून गोधड्या शिवल्या जातात. तेथे ठिगळ ही नक्षी असते. मर्ढेकरांची लय त्यांना विनासायास लागू पडते.