परभाषेचा संस्कार : शब्द आणि वाक्य
भाषाशुद्धीचा पहारा आपल्याकडे मुख्यतः शब्दांवर राहिला. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सावरकरांनी सुचविलेले 'दिनांक', 'महापौर' रूढ झाले. परंतु अभ्यासाने आत्मसात केलेल्या परभाषेचा खोल संस्कार होतो तो वाक्यरचनेवर. 'मी उद्या येईन, असे राम म्हणाला' या वाक्यात बोलणाऱ्याचा 'मी' अबाधित राहतो. इंग्रजी वळणाच्या 'राम म्हणाला, की तो उद्या येईल' या रचनेत 'तो' म्हणजे राम की अन्य कोणी, हे संदिग्ध होते. येथे एकही इंग्रजी शब्द नाही. तरीही पात्राचा स्वर निवेदकाच्या स्वाधीन झालेला आहे. कथात्म गद्याच्या समीक्षेने म्हणूनच शब्दसंग्रहापेक्षा सर्वनामांच्या या पालटाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.