निष्ठा, हौदा आणि छोटा हत्ती : एका वाणिज्य-संज्ञेचे भाषिक परीक्षण

वाणिज्य शाखेच्या एका अभ्यासकाने गेल्या सत्रात प्रस्तुत लेखकाकडे एका पारिभाषिक शब्दाविषयी निर्णय मागितला. त्यांचा विषय मुंबईच्या उपनगरांतील मालवाहू पिकअप गाड्यांचे ग्राहक हा होता, आणि ‘ब्रँड लॉयल्टी’ या संज्ञेस त्यांनी ‘मुद्रानिष्ठा’ असा प्रतिशब्द योजला होता. ‘मुद्रा’ या पदाविषयी ते साशंक होते; ‘निष्ठा’ या पदाविषयी त्यांस काही शंका नव्हती. माझी स्थिती नेमकी उलट झाली. मुद्रा म्हणा, छाप म्हणा, नाममुद्रा म्हणा. त्यावाचून काही अडणार नाही. परंतु घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या नाक्यावर उभा राहणारा जो मनुष्य लागोपाठ तिसरी गाडी त्याच कारखान्याची घेतो, त्याच्या त्या कृतीस निष्ठा म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. हा केवळ शब्दाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

पाश्चात्त्य शास्त्रकारांनीही या बाबतीत सावधगिरी बाळगलेली आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढे दोन वाटा मांडल्या: सोडून जाणे अथवा बोलून दाखविणे. निष्ठेचे कार्य त्यांच्या मते असे की, ती सोडून जाण्यास विलंब लावते व बोलून दाखविण्यास अवसर देते. पुढे १९९४ मध्ये ॲलन डिक व कुणाल बसू (हेच बसू इंग्रजी कादंबरीकार म्हणूनही परिचित आहेत) यांनी वारंवार खरेदी आणि मनातील अनुकूलता या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. जेथे खरेदी वारंवार होते पण मन तितकेसे गुंतलेले नसते, त्या स्थितीस त्यांनी आभासी निष्ठा म्हटले. अमेरिकेत फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या पिकअप गाड्यांवरून कुटुंबाकुटुंबांत जो अभिमान चालतो, तेथे मन गुंतलेले आहे यात संशय नाही. कारण तेथे अशी गाडी पुष्कळदा घरची, स्वतःच्या वापराची असते. आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस (२०१६) किंवा टोयोटाची हायलक्स (२०२२) हौसेने घेणारे थोडे. आपल्या उपनगरांतली पिकअप पोटासाठी आहे. अमेरिकेतील संज्ञा येथे आणताना हा भेद वाटेत गळून पडतो, आणि आपल्या प्रबंधांत तो गळून पडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आता नावांकडे वळू. कारण ग्राहकाच्या मनात उत्पादकाचे स्थान कोणते, याची साक्ष भाषा फार प्रामाणिकपणे देते. ‘टेम्पो’ हा शब्द घ्या. विदाल आणि सोन या हॅम्बुर्गच्या संस्थेच्या वाहनांचे ते नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या संस्थेने त्या जर्मन संस्थेच्या सहकार्याने ‘हान्झेआट’ ही तीनचाकी मालगाडी आपल्याच गोरेगावात बनवावयास प्रारंभ केला. आकुर्डीचा कारखाना पुढचा. हान्झेआट हे नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, ते बसण्यासारखे नव्हतेच. टेम्पो मात्र मराठीने असा आत्मसात केला की त्याला स्वतःचे लिंग मिळाले (तो टेम्पो), विभक्ती मिळाली (टेम्पोत, टेम्पोने), टेम्पोवाला हा साधित शब्द मिळाला, आणि ‘घर बदलायला टेम्पो केला’ असा वाक्प्रयोग मिळाला. या वाक्यातील टेम्पो कोणत्याही कारखान्याचा असू शकतो. विशेषनाम सामान्यनाम झाले, म्हणजे उत्पादकाची मालमत्ता लोकांच्या मालकीची झाली. २००५ मध्ये संस्थेने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. संस्थेच्या नावातून टेम्पो गेला. मराठीतून जाण्याचे त्याला काहीच कारण नव्हते.

याच संस्थेची १९६९ ची ‘मॅटेडोर’ पुष्कळांच्या तोंडी ‘मेटाडोर’ झाली. स्वरांची ही अदलाबदल अभ्यासकांस नवीन नाही. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ बैल मारणारा. तो कळला असता तर आपल्या शेतकऱ्याने ती गाडी दारात उभी केली असती की नाही, कोण जाणे.

२००५ हेच वर्ष दुसऱ्या एका नावासाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी टाटा मोटर्सने ‘एस’ ही पाऊण टनाची चारचाकी बाजारात आणली: दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन, मालवाहू तीनचाकीवाल्यास झेपेल अशी किंमत, आणि अंधेरीच्या मरोळ-साकीनाका भागातील अथवा असल्फ्याच्या गल्लीत शिरेल असा आकार. इंग्रजीतील ‘एस’ म्हणजे पत्त्यांतील एक्का. (एक्का म्हणजे एका घोड्याची गाडीही, परंतु हा सुंदर योगायोग कोणी उपयोगात आणला नाही.) लोकांनी ते नाव बाजूस ठेवून ‘छोटा हाथी’ असे नाव दिले. मराठीत त्याचा ‘छोटा हत्ती’ झाला, तमिळमध्ये ‘कुट्टि यानै’. पुढे उत्पादकानेही जाहिरातीत हे लोकदत्त नाव स्वीकारले. संस्कृत हस्तिन्, प्राकृत हत्थी, आणि त्यातून हिंदीत स्वर दीर्घ होऊन हाथी, तर मराठीत द्वित्व टिकून व महाप्राण लोपून हत्ती. एकाच नाक्यावर जौनपूरचा चालक एक रूप उच्चारतो व सांगलीचा मालक दुसरे. प्राकृताच्या दोन शाखा एकाच गाडीत माल भरीत असतात.

हे नाव मराठीत इतके सहज का रुजले, याचे एक कारण मला दिसते. मालमोटारीच्या माल ठेवण्याच्या भागास आपण पूर्वीपासून ‘हौदा’ म्हणत आलो आहोत. हौदा मुळात हत्तीच्या पाठीवरचा. म्हणजे हौदा मराठीत आधीपासून होताच. हत्ती मागाहून आला.

याउलट महिंद्राच्या बोलेरो पिकअपला लोकांनी टोपणनाव दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तिला ‘पिकअप’ एवढेच म्हणतात, आणि गाडी या शब्दाच्या अनुरोधाने तिचे लिंग स्त्रीलिंगी राहते: हत्ती आला, पण पिकअप आली. अशोक लेलँडने निस्सानच्या सहकार्याने २०११ मध्ये आणलेल्या गाडीस ‘दोस्त’ हे नाव दिले. ते लोकभाषेतलेच, तरीही लोकांनी त्याचे सामान्यनाम केले नाही. मैत्रीचे नाते कारखान्याने ठरवून द्यावे, हे बहुधा रुचले नसावे.

वस्तू म्हणून तुलना करावयाची तर वाद फार नाही. हत्तीचे बळ लहान आकारात व अल्प भांडवलात. पिकअप ही जीपच्या वंशातली; सव्वा-दीड टन माल घेऊन वसईचा किंवा भिवंडीचा पल्ला गाठणाऱ्यास तिचा सांगाडा व अडीच लिटरचे इंजिन अधिक विश्वासाचे वाटते. दोस्त या दोहोंच्या मध्ये. आणि या सर्वांच्या वर १९८६ पासून टाटाची ४०७ उभी आहे, जिने त्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या प्रतिस्पर्ध्यांना पुरून उरून दाखविले. यांतून निवड करणारा मनुष्य आधी खेप पाहतो, मग गल्ली, मग हप्ता.

येथे मूळ प्रश्नाकडे येतो. ‘निष्ठा’ या शब्दाची व्युत्पत्ती नि + स्था, म्हणजे ठामपणे उभे राहणे. गाडीवाल्यांच्या बोलीत मात्र ‘गाडी उभी राहिली’ या वाक्यासारखे भयंकर वाक्य नाही. गाडी उभी म्हणजे भाडे नाही, भाडे नाही म्हणजे हप्ता थकला. आणि हप्ता थकला की कर्ज देणारा गाडी उचलून नेतो. ती उभी राहू नये यासाठी ओळखीचा मिस्त्री लागतो, ज्याचा हात त्या एका इंजिनावर बसलेला असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर हवा तो जुना सुटा भाग त्याच दिवशी मिळावा लागतो. आणि विकावयाची वेळ आली तर गिऱ्हाईक तयार असावे लागते. मुलुंडमधील एका मालकास मी विचारले, पुन्हा त्याच कंपनीची गाडी का घेतली? त्यांनी गाडीविषयी चकार शब्द काढला नाही. “आमचा मिस्त्री तीच बघतो,” एवढेच ते म्हणाले. मिस्त्री गावी परतला तर? “मग बघू.” हर्शमन यांच्या भाषेत सांगावयाचे तर या गृहस्थांस सोडून जाण्याचा मार्ग खुला नाही, आणि बोलून दाखवावयाचे तर ते कोणापुढे, हेही ठाऊक नाही. अशा अडकलेपणास निष्ठा हे नाव दिले की विक्रेत्याची सोय होते, कारण ग्राहकाची अडचण हा वस्तूचा गुण ठरतो. विद्यापीठीय प्रबंधाने ती सोय पुरवावी काय?

मन गुंतलेले मुळीच नसते, असा माझा दावा नाही. कांदिवलीत आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना आहे. त्या परिसरात ज्या घरांतील दोन पिढ्या तेथे राबल्या, त्या घरांत तीच गाडी घेण्यामागे हिशेबापलीकडचे काही असते, आणि ते मी पाहिलेले आहे. त्यास निष्ठा म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परंतु ती निष्ठा कारखान्यातील श्रमाशी आहे. मुद्रेशी असलेला तिचा संबंध दूरचा.

म्हणून अभ्यासकांस मी असे सुचविले की, कृतीसाठी ‘पुनःखरेदी’ हा साधा शब्द वापरावा, अगतिकतेस ‘अडकण’ म्हणावे (बोलीत ‘अडकलोय’ आहेच), आणि निष्ठा हा शब्द पुराव्याने सिद्ध होईल तेवढ्याच स्थळी योजावा. त्यांनी दुसरी सूचना मान्य केली नाही; अडकण हा शब्द मार्गदर्शकांस ग्राम्य वाटतो असे कळले. त्यांच्या परिशिष्टातील छायाचित्रे मात्र पाहण्यासारखी आहेत. जवळजवळ प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत खंडोबा, एकवीरा किंवा आईवडिलांचे नाव आहे. उत्पादकाचे नाव मागे, फाळक्यावर. आणि फाळका खाली टाकून माल भरावयास लागले की ते वाचता येत नाही.